वाजवून दिलेली फरशी

माझ्या भावाने उभं आयुष्य लोकांना गुडघ्यावर बसवून फरशी ऐकायला लावली. जयराम त्याचं नाव. नाशकात फरशी बसवणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, पण काम संपल्यावर ती ‘वाजवून’ देणारा हा एकटाच असावा. बाकीचे मिस्त्री फरशी पुसतात, हात धुतात आणि निघतात. दादा मात्र टाइलखालचा सिमेंटचा माल चांगला वाळू देणार, मग घरमालकाला बोलावून घेणार, शक्यतो मालकिणीलाही, आणि हातातल्या सळईने एकेक टाइल ठोकत दारापासून बाल्कनीपर्यंत जाणार. ही सळई त्याने अंबडच्या एका वर्कशॉपमधून करून घेतली होती, टोकाला बेअरिंगची गोळी वेल्ड केलेली. टाइलखाली माल नीट भरलेला असेल तर ‘टक्’ असा टणक आवाज येतो. खाली हवा राहिली असेल तर ‘ढप्’. पोकळ टाइल आज ना उद्या हलते, नाहीतर वर काही जड पडलं की तडकते.

“सर, खाली बसा. उभ्यानं नाय कळायचं. बसा की, पँट काय रडती का?”

डॉक्टर असो, वकील असो, बसावंच लागायचं. एखादी टाइल ढप् बोलली की दादा खडूने तिच्यावर फुली मारायचा आणि मालकासमोरच फोडायचा. “चोर मी पकडला, साक्षीदार तुम्ही,” असं म्हणायचा. त्याचं नाव झालं ते त्या फोडण्यामुळे. जो माणूस स्वतःचं काम स्वतः फोडतो त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

आमचं गाव ओझरच्या पुढे. लहानपणी आई बाजाराला निघाली की दादाला बरोबर घ्यायची, कारण मडकं घ्यायचं असलं की त्याचा कान लागायचा. आई बोटाच्या पेराने मडकं वाजवायची आणि त्याच्याकडे बघायची. तो सांगायचा, “हे बोलतंय. हे मुकं हाय.” एकदा तर त्याने दुसऱ्याच बाईच्या हातातलं मडकं ऐकून लांबूनच ओरडून सांगितलं, “मुकं हाय ते, नका घेऊ!” कुंभारीण आईला म्हणाली, “माय, पुढल्या बाजारी ह्याला घरी बांधून ठेव. माझं दुकान बसवतो हा.” पुढे मिस्त्री झाल्यावर तो ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, “मडक्यात हवा पाहिजे, फरशीत नको. बाकी कान तोच.”

शाळा अर्धी सोडून तो नाशिकला आला. आधी माल वाहिला, मग कापायला शिकला, मग बसवायला. मी त्याच्याचकडे, पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांत राहून बी.कॉम. झाले. आता एका पतसंस्थेत नोकरी करते आणि इंदिरानगरला आमचा फ्लॅट आहे. त्याची फरशी अर्थातच दादाची. ती वाजवून देताना त्याने माझ्या नवऱ्यालाही गुडघ्यावर बसवलं होतं. आमच्या ह्यांनी लग्नातही कुणासमोर इतकी मान वाकवली नव्हती, असं म्हणून दादाची बायको, सुमनवहिनी, अजून चिडवतात.

रिकाम्या फ्लॅटमध्ये चाललेला टाइल कापायचा कटर ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पडदे नाहीत, सामान नाही, कपडे नाहीत, आवाज पिऊन घेणारं काहीच नाही. चारही भिंती तो आवाज जसाच्या तसा परत देतात. त्यातून बाथरूम म्हणजे हातभर जागा, तिथे माणूस उकिडवा बसतो, टाइल दोन पायांमध्ये धरतो आणि कटर त्याच्या तोंडासमोर किंचाळतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये तेव्हाच कुणीतरी ब्रेकरने भिंत फोडत असतो, खाली जनरेटर असतो. आमच्या फ्लॅटचं काम चालू असताना मी डबा घेऊन जायचे, तर जिन्यातच कानांवर हात ठेवायचे. दादा वर कापत बसलेला असायचा, डोळ्यांची पापणीही न हलवता. कटर तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. नवनाथ त्याचा वर्षानुवर्षांचा जोडीदार, पण नवनाथने बाहेर गॅलरीत माल कालवायचा आणि आणून द्यायचा. कापायचं दादाने.

मी त्याला कानात कापूस घालायला सांगायचे. काळजी करणं हा माझा जुना धंदा आहे, असं घरात सगळे म्हणतात. दादा म्हणायचा, “कापूस घातला तर टाइल कशानं ऐकू? कान बांधून फरशी मिस्तरी म्हणजे डोळे बांधून शिंपी.” एका मोठ्या साइटवर तर सुरक्षेचं बघणाऱ्या साहेबाने सगळ्यांना नारिंगी रबरी बोळे वाटले होते, मध्ये दोरी असलेले. दादाने ते स्कूटीच्या किल्लीला अडकवले. लांबून गोंड्यासारखे दिसायचे.

म्हणजे ज्या कानांसाठी त्याने बोळे घातले नाहीत, तेच कान गेले. पण हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कुणालाच काही कळलं नव्हतं.

घरात आधी विनोद झाला. सुमनवहिनी स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आणि दादा ढिम्म. नवनाथ दारातून बोलला की मात्र लगेच उत्तर. वहिनी म्हणायच्या, “ताई, तुमच्या दादाला सगळ्या गावाचं ऐकू येतं, बायकोचं तेवढं येत नाही.” दादा म्हणायचा, “लग्नाला इतकी वर्षं झाली, आता काय नवीन बोलणार हाय ती?” सगळे हसायचे. टीव्हीचा आवाज वाढत गेला. लहान मुलं त्याच्याशी बोलायची आणि तो नुसती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचा. फोन वाजला की तो वहिनींकडे ढकलायचा. कुणी म्हटलं, जयराम आता मोठा माणूस झाला. कुणी म्हटलं, गर्व झाला.

मग एका पौर्णिमेला आम्ही त्यांच्या कॉलनीतल्या विहारात वंदनेला बसलो होतो. वंदना सगळ्यांनी एका आवाजात म्हणायची असते, एकमेकांचं ऐकत ऐकत. त्या दिवशी वंदना संपली, सगळ्यांनी तीनदा ‘साधु’ म्हटलं, आणि शांत झाले. शांततेत एकटा दादा उरला. तो अजून मागच्या ओळीवर होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि भरल्या विहारात त्याचा एकट्याचा जाड आवाज. मुलं खिदळली. वहिनींनी त्याच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा त्याने डोळे उघडले, सगळीकडे पाहिलं, आणि सगळ्यांचं म्हणून झालेलं ‘साधु साधु साधु’ त्याने एकट्याने म्हटलं. त्यानंतर तो मागे, चपलांजवळ बसायला लागला. विचारलं तर म्हणाला, “पाय आखडतो पुढं.”

माझा मुलगा आयुष, त्याच्या मामावर गेलेला. सिव्हिलचा डिप्लोमा करून एका इंजिनियरच्या हाताखाली राहिला आणि गेल्या वर्षी स्वतःची कामं घ्यायला लागला. पहिला पूर्ण फ्लॅट मिळाला तो गंगापूर रोडला. सटाण्याचे भिकाशेठ, कांद्याचे व्यापारी, मुलीच्या कॉलेजसाठी त्यांनी घर घेतलं होतं. कॉलेज सुरू व्हायच्या आत राहायला यायचं होतं. फरशीला मामाच, हे आयुषने न विचारताच ठरवलं होतं. मला बरं वाटलं आणि धाकधूकही झाली. पहिलं काम बिघडलं तर मुलाचं नाव बिघडतं, आणि नातेवाइकांबरोबर बिघडलं तर घर बिघडतं.

एका दुपारी त्याचा पतसंस्थेत फोन आला. “आई, मामांना काहीतरी झालंय. पडले-बिडले नाहीत. पण तू ये.”

रिक्षाने गेले. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थांबले. नव्या कोऱ्या, आरशासारख्या फरशीत जागोजागी खड्डे होते, तोंडातले दात पडावेत तसे. कोपऱ्यात फुटलेल्या टाइल्सचा ढीग. नवनाथ सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसून होता. आयुष भिंतीला टेकून. दादा हातात छिन्नी-हातोडा घेऊन पुढच्या टाइलवर वाकलेला.

“जयभीम दादा,” मी म्हटलं. त्याने वर पाहिलं नाही.

आयुषने मला हळू आवाजात सांगितलं. मामांनी सकाळी वाजवायला सुरुवात केली तर एक टाइल पोकळ म्हणाले. फोडली. मग दुसरी, मग तिसरी. थांबतच नाहीत. “आई, त्याच लॉटच्या टाइल्स आता मिळत नाहीत. दुसऱ्या लॉटची शेड जुळणार नाही. जास्तीचा बॉक्स संपत आला. अजून दोन-चार फोडल्या तर मी शेठना काय दाखवू?”

तेवढ्यात दादा उठला. “रंजे, आलीस का? बघ ह्या सिमेंटचा प्रताप. राख हाय नुसती. नायतर ह्यानं माल पातळ दिला.” त्याने छिन्नी नवनाथकडे रोखली.

नवनाथ म्हणाला, “मिस्तरी, खाली वाकून बघा तरी. माल कसा धरलाय, तव्याला भाकर लागल्यागत.”

खरंच, फोडलेल्या जागी माल सलग होता, आणि टाइलच्या पाठीवरची नक्षी त्यात जशीच्या तशी उठली होती.

“काय पुटपुटतो? मोठ्यानं बोल.”

“मोठ्यानंच बोलतोय!” नवनाथ उभा राहिला. “दिवसभर मोठ्यानंच बोलतोय. तुम्हाला आता माझं काम बी दिसत नाय आन बोलणं बी ऐकू येत नाय.”

हे मात्र दादाला ऐकू आलं. “चालता हो,” तो म्हणाला.

नवनाथने घमेलं पालथं घातलं, चपला घातल्या आणि गेला. जिन्यात त्याच्या पायांचा आवाज बराच वेळ येत होता. मला आणि आयुषला येत होता. दादा पुन्हा खाली बसला होता.

मी त्याच्या शेजारची सळई उचलली आणि त्याने खडूने फुली मारलेली एक टाइल वाजवली. टक्. लख्ख आवाज होता. मी त्याच्यासमोर बसून म्हटलं, “दादा, ही चांगली आहे.”

“तुला काय कळतं? तू पतसंस्थेत बसती.”

आयुष फक्त मामाकडे बघत होता, आणि त्याचं तोंड लहानपणी सायकलवरून पडल्यावर व्हायचं तसं झालं होतं, रडण्याआधी दुसरं कुणीतरी काही बोलेल म्हणून वाट बघत असलेलं. दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला. “उद्या बघू,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बेल वाजली तर दारात दादा. हातात सळई. चहा ठेवते म्हटलं तर हातानेच थांब म्हणाला. आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांच्याकडे बघून मान हलवली, चपला काढल्या आणि उंबऱ्याजवळच खाली बसला.

माझ्या घरची फरशी ही त्याची जुनी, पारखलेली फरशी. तिच्यावर आयुष रांगला, कपाटं सरकवली गेली, एकदा पूर्ण भरलेला सिलिंडर आडवा पडला, तरी ती हलली नाही. गिऱ्हाइकाला खात्री द्यायची झाली की दादा म्हणायचा, “बहिणीचं घर बघून या.” तीच फरशी तो आता वाजवत होता. दारापासून हॉल, हॉलपासून स्वयंपाकघर. आधी बसून, मग वाकून, मग शेवटी गाल फरशीला लावून. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. नुसती सळई वाजत होती. टक्, टक्, टक्.

वॉशिंग मशीनजवळ मी पायपुसणं टाकून ठेवलेलं आहे. त्याखालची एक टाइल नळ गळून गळून पोकळ झालेली होती. दादाला कळलं तर तो लगेच छिन्नी घेऊन येईल आणि चार दिवस घरात धूळ होईल म्हणून मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पायपुसण्याच्या कडेशी त्याची सळई पडली. ढप्. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मला ते स्वच्छ ऐकू आलं. दादा तिथून तसाच पुढे सरकला.

मग तो भिंतीला टेकून बसला.

“रंजे, तुझी सगळी फरशी पोकळ झाली.”

तोच पुढे म्हणाला, “सगळी कशी होईल पण?”

त्याने सळई माझ्यापुढे धरली. “धर. मी तिकडं तोंड करतो. तू वाजव. मी सांगतो.”

तो भिंतीकडे तोंड करून बसला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. केस पांढरे झालेले, मानेवर सिमेंटचे जुने ओरखडे. मी एक टाइल वाजवली. तो काही बोलला नाही. दुसरी वाजवली, जरा जोरात. त्याचे खांदे ताणलेले होते, सगळं अंग कान करून तो बसला होता.

“वाजव ना,” तो म्हणाला.

“वाजवली, दादा.”

हेही त्याला कळलं नाही. मी पुढे जाऊन त्याच्यासमोर बसले आणि पुन्हा म्हटलं, “वाजवली. दोनदा.”

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. रडला वगैरे नाही. तोंडावर पाणी मारून आला, चहा मागितला आणि प्याला. कप खाली ठेवून विचारलं, “काल ज्या फोडल्या, त्या सगळ्या चांगल्या होत्या का गं?”

“हो, दादा.”

“नवनाथनं माल चांगला दिला होता?”

“हो.”

आठवड्यात मी रजा काढून त्याला दवाखान्यात नेलं. काचेच्या एका छोट्या खोलीत त्याला बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. तो बटणावर बोट ठेवून बसला होता आणि बोट हलत नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाला, “आत लय शांत होतं. मला वाटलं लांब कुणीतरी शिट्टी मारतंय. ती माझ्याच कानातली निघाली. कामावर असल्यावर कळतच नाय ती.”

डॉक्टरबाई तरुण होती. त्याच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश बोलली. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की आधी बारीक, धारदार आवाज जातात. बायकांचं, मुलांचं बोलणं. जाड आवाज त्यामानाने उरतात. मला सुमनवहिनींचा विनोद आठवला आणि लाज वाटली, इतके दिवस आपण सगळे त्यावर हसलो. बाई म्हणाली, कानाला मशीन लावलं तर घरातलं बोलणं बरंचसं कळेल, पण गेलेलं परत येणार नाही. आणि उरलेलं सांभाळायचं असेल तर कटर बंद, नाहीतर कान बंद.

“टाइलचा ‘टक्’ येईल का?” दादाने विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही. मी समजावला. ती म्हणाली, “खात्री देता येणार नाही.”

बाहेर पडताना मी तिला एकटीला गाठून विचारलं, माझा मुलगाही साइटवर असतो, त्याला कधी दाखवायला आणू? ती म्हणाली, आजच त्याला बोळे घालायला सांगा. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. आयुष पाठमोरा असला की मी हळूच त्याला हाक मारते. वळला की काहीतरी निमित्त सांगते. एकदा वळला नाही तर मी हातातलं ताट तिथेच टाकून त्याच्यासमोर धावले. मग दिसलं, त्याच्या कानात गाण्यांची बटणं होती. “आई, वेडी आहेस का तू?” तो म्हणाला. असेनही.

भिकाशेठांची फरशी पुरी करायची होती. बाल्कनीच्या टाइल्स अजून लावल्या नव्हत्या, त्याच लॉटच्या होत्या. त्या हॉलमध्ये घ्यायच्या आणि बाल्कनीत वेगळ्या रंगाच्या लावायच्या, हे दादानेच काढलं. शेठना आयुषने खरं तेच सांगितलं, त्यांनी जरा कुरकुर करून मान्य केलं. पण माल कोण देणार? दादा दुसऱ्या कुणाबरोबर बसायला तयार नव्हता. पुढचं मला नवनाथने सांगितलं. मिस्तरी त्याच्या दारात आले, आत या म्हटलं तर आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “मी तुझं ऐकून घ्यायला नाय आलो. मला ऐकू येत नाय. तू चल.” नवनाथ म्हणाला, “ताई, एवढं बोलून पाठ करून चालायलाच लागले. मी मागून काय बोललो ते त्यांना कळलं बी नसंल.”

काय बोललास, असं मी विचारलं. “हेच की शर्ट तरी घालू द्या.”

फ्लॅट द्यायच्या दिवशी मीही गेले होते. भिकाशेठ मुलीला घेऊन आलेले. आल्या आल्या त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “काय मिस्तरी, वाजाडी देतस ना? तुमनं नाव आयकेल शे आम्ही.”

दादाने सळई नवनाथच्या हातात दिली. तसं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. नवनाथही क्षणभर ती नुसती धरून उभा राहिला. मग बसला, आणि शेठना म्हणाला, “खाली बसा शेठ. उभ्यानं नाय कळायचं.” पँटवाला विनोद त्याने केला नाही. तो दादाचा होता.

दादा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा होता. नवनाथ टाइलमागून टाइल वाजवत चालला होता आणि दादा फरशीकडे बघतच नव्हता. तो शेठच्या तोंडाकडे बघत होता. मग आयुषच्या. मग माझ्या. आमच्या तोंडावरून तो त्याची फरशी ऐकायचा प्रयत्न करत होता. मी भुवई हलू नये म्हणून जपत होते. बाल्कनीशी पोचल्यावर शेठ गुडघे चोळत उठले आणि म्हणाले, “माले तं बठ्ठा एकच आवाज येस, भाऊ!”

सगळे हसले. दादाही हसला, आमच्यापेक्षा जरा उशिरा. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, “काय म्हणला?”

मी त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, “म्हणाले, मला सगळा एकच आवाज येतो.”

“मग सांग त्याला,” दादा म्हणाला, “मला बी.”

मी ते कुणाला सांगितलं नाही.

सळई त्याने घरी नेली नाही. त्या दिवशी मला सोडायला आला तेव्हा माझ्या घरी दाराआड ठेवली आणि म्हणाला, “राहू दे इथं.” काम त्याने सोडलेलं नाही. बसवतो तो, कापायला आता कारागीर वेगळा असतो, आणि वाजवून द्यायचं झालं तर नवनाथ कशानेतरी ठोकून बघतो, मालकाला न बोलावता. मशीन दादाच्या शर्टाच्या खिशात असतं. ते लावलं की कुकरची शिट्टी डोक्यात खिळा ठोकते, म्हणतो. वहिनी आता त्याच्याशी बोलायचं असलं की उठून समोर जातात, खांद्याला हात लावतात. दिवसातून किती वेळा उठणार माणूस? मग लहानसहान गोष्टी राहून जातात. पाणी आलं, दूधवाला आला, बाहेर पाऊस लागलाय, शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली. अशा गोष्टींनीच घरातला माणूस घरात असतो. जेवणाच्या सुट्टीत साइटवर तो आता एकटाच बसतो, असं आयुष सांगतो. कोंडाळ्यात कोण काय बोललं हे कळत नाही, आणि दर वेळी ‘काय म्हणला’ विचारलं की लोक म्हणतात, “काही नाही, असंच.”

रविवारी तो माझ्याकडे येतो. आम्ही फारसं बोलत नाही. मागच्या रविवारी मात्र तो एकाएकी म्हणाला, “सळई आण गं. वाजव.”

मी दारापासून सुरुवात केली. तो खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बसून, वाकून एकेक टाइल वाजवत गेले आणि दर वेळी त्याच्याकडे बघून मान हलवली. चांगली. ही पण चांगली. वॉशिंग मशीनजवळ आले तेव्हा पायपुसणं ओलांडून पुढे जाणार होते.

“थांब,” तो म्हणाला. “ते उचल.”

“काही नाही दादा तिथे.”

“उचल.”

मी ते उचललं आणि खालची टाइल वाजवली. चेहरा अगदी सरळ ठेवला. मान हलवली.

“पोकळ हाय,” दादा म्हणाला.

“कशावरून?”

“तुझ्या तोंडावरून. लहानपणी बी तुला खोटं बोलता येत नव्हतं.” आणि किती महिन्यांनी तो मोठ्याने हसला, वेळेवर.

माळ्यावर त्याच लॉटच्या टाइल्स होत्या. घर लावून झालं तेव्हा दादानेच दोन-चार ठेवायला लावल्या होत्या, कागदात गुंडाळून. त्याने मला आयुषला फोन करायला लावला, कटर घेऊन ये म्हणून. आयुष आला. कटर सुरू करणार तोच दादाने त्याचं मनगट धरलं. खिशातून स्कूटीची किल्ली काढली, तिला अडकवलेले ते नारिंगी बोळे सोडवले, शर्टाला पुसले आणि स्वतःच्या हाताने आयुषच्या कानांत घातले, लहान मुलाला टोपी घालतात तसे. आयुष काहीतरी म्हणाला. दादाने ओठांवरून ओळखलं असावं. “फॅशन नाय, गप,” तो म्हणाला.

टाइल बसली. माल वाळेपर्यंत तिच्यावर पाय द्यायचा नाही म्हणून मी वर पाट पालथा घातला. आज दादा कामावरून परस्पर आला. पाट उचलला आणि सळई माझ्या हातात दिली.

मी वाजवली. टक्. खालच्या मजल्यावरही गेला असेल असा स्वच्छ आवाज.

“कशी हाय?”

“चांगली आहे, दादा.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी खरं बोलत होते, तरी माझा चेहरा मला कसातरीच वाटायला लागला, खरं बोलतानाचा चेहरा कसा असतो तेच आठवेना.

“आणखी एकदा,” तो म्हणाला.

मी आणखी एकदा वाजवली. त्याने मान हलवली. त्याला पटलं, की माझ्यासाठी पटल्यासारखं केलं, ते मला कळलं नाही. त्याने पायपुसणं पुन्हा त्या टाइलवर नीट पसरलं, त्याच्या कडा सरळ केल्या, आणि सळई दाराआड ठेवून तो चपला घालायला बसला. मी मागून म्हटलं, सांभाळून जा. मग आठवलं, आणि पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहून पुन्हा म्हटलं.